हबीबभाईचा कोरा रुपया

हबीबभाई गोड माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण तो बाजारातून उठल्यापासून लोक त्याच्याबद्दल फार गोड बोलायला लागले आहेत. तो ओट्यावर होता तेव्हा हेच लोक त्याला खडूस म्हणत. मीही म्हणत होते, आणि त्याला ते ऐकू जात होतं.

हिंगोलीच्या सराफा लाइनीत एका बंद पेढीचा ओटा आहे. त्याच्या अर्ध्या भागात माझं हळदी-कुंकू, काळे मणी, करगोटे आणि दोऱ्यांचं दुकान, अर्ध्या भागात हबीबभाईचं पांढरं फडकं. फडक्यावर जुनी नाणी. निजामाच्या वेळचा हाली रुपया, राणीछाप, राजाछाप, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे. खेड्यापाड्यातून लोक आणून विकत, आणि शौकीन लोक त्याच्याकडून विकत घेत. आमच्यामध्ये एक दगडी खांब होता. आमचं सगळं बोलणं त्या खांबाच्या अलीकडून-पलीकडून झालं. त्याचं तोंड मला पूर्ण दिसायचं नाही, हात मात्र दिसायचे. म्हणून मला त्याचे हातच जास्त आठवतात.

कुणी नाणं आणलं की तो आधी बघायचाच नाही. डोळे मिटून तळहातावर घ्यायचा आणि हात थोडा वर-खाली करायचा. मग बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हळूच टिचकी मारायचा आणि कानाशी न्यायचा. मग नख फिरवायचा, तेही फक्त कडेवरून. नाण्याच्या छापावर बोट टेकवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातावर त्याने चापट मारलेली मी पाहिली आहे. तो माणूस मोठा गुत्तेदार होता. एवढं झाल्यावर डोळे उघडायचे, नाणं उजेडात तिरपं धरायचं, आणि एकच शब्द बोलायचा.

त्याचे शब्द चार होते. कोरा, चालता, थकला, गेला. टांकसाळीतून निघून कुणाच्या हाती फिरलाच नाही तो कोरा. थोडा बाजार बघितलेला तो चालता. अक्षरं झिजलेला तो थकला. आणि भोक पाडलेला, कडी लावलेला, घासलेला तो गेला. कारण विचारलं की म्हणायचा, "सांगून राहिलो ना." दुसऱ्यांदा विचारलं की नाणं परत हातात ठेवायचा.

एकदा माझा थोरला जावई दुकानावर येऊन गेला. तो गेल्यावर खांबापलीकडून आवाज आला, "थकला." मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण शब्द बरोबर होता.

दिवाळी झाली की त्याचं डोकं फिरायचं. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला पूजेचा रुपया चिंचेने आणि राखेने घासतात. घरातली बाई जितकी टापटिपीची तितका रुपया लखलखीत. नंतर त्यातले काहीजण तोच रुपया घेऊन मोठ्या हौसेने त्याच्याकडे येत, किती चमकतो ते दाखवायला. एकदा एक रिटायर झालेले गुरुजी आले. हबीबभाईने रुपया हातात घेतला आणि डोळे मिटायचेही कष्ट घेतले नाहीत.

"आंघोळ घालून आणला का गुरुजी? आता माती द्या."

गुरुजी तापले. लक्ष्मी आहे ती, म्हणाले.

"लक्ष्मी असंल. नाणं राहिलं न्हाई."

माझ्या सासूचा राणीछाप रुपया मी त्याला दाखवला होता. मीच घासलेला. शेजारीण म्हणून तरी थांबेल असं वाटलं होतं. "गेला," म्हणाला आणि पान लावायला लागला.

पण खरा राग मला त्याचा आला तो सेनगावकडच्या तांड्यावरची एक बाई आली तेव्हा. गळ्यात रुपयांची माळ होती, प्रत्येक रुपयाला डाग देऊन कडी जोडलेली. लेकरू दवाखान्यात होतं. तिने माळ काढून फडक्यावर ठेवली. हबीबभाईने एकेक रुपया बोटाने सरकवला. गेला, गेला, गेला. बाईने माळेवर हात ठेवला.

"सगळे गेले म्हणता? मी तर रोज घालून राहिले."

"तुझ्या गळ्यात हायेत तवर दागिना हाय. हितं नाणं लागतं."

चांदीच्या भावाने तरी घे, असं ती म्हणाली. वितळवायचा धंदा आपला नाही, असं त्याने सांगितलं. ती माळ उचलून समोरच्या सराफाकडे गेली. तिथे तिच्या डोळ्यांदेखत कड्या तोडल्या. मी खांबापलीकडे तोंड करून त्याला म्हटलं, हबीबभाई, दोन शब्द गोड बोलला असतात तर जीभ झडली असती का?

"खोटं बोललो का आक्का?"

"न्हाई."

"मग गोड काहून बोलू?"

हा असा माणूस. लोकांना निकाल देताना त्याला कधी वाईट वाटलेलं मी बघितलं नाही. पुढे जे झालं ते सांगताना हे विसरून चालणार नाही.

तरी शौकीन त्याच्याकडेच यायचे, कारण तो दाम वाढवायला शब्द फिरवत नसे. स्वतःच्या फडक्यावरच्या नाण्यालाही थकला म्हणायचा. नांदेडहून, परभणीहून माणसं फक्त त्याच्या तोंडचा शब्द ऐकायला येत. हबीबभाई कोरा म्हणाला ना, एवढं सांगितलं की पुढचा व्यवहार व्हायचा. तो त्याचा धंदा. नाणी नुसती फडक्यावर पडलेली असायची.

त्याच्या स्वतःच्या मालकीचा एक रुपया होता, तो विकायला नव्हता. चारमिनारचा हाली रुपया, आणि चारमिनारच्या दारात जे अक्षर असतं ते नेहमीपेक्षा बारीक. तसे फार थोडे निघाले होते म्हणे. हट्टा गावातल्या एका घराची भिंत पाडताना गाडग्यात सापडला, घरच्या म्हातारीने त्याला बोलावून दिला. तंबाखूच्या डबीत, तेलकट नसलेल्या कागदात गुंडाळून तो ठेवायचा. ईदला काढायचा, कडेला धरून बघायचा, परत ठेवायचा. मलाही दाखवला होता. डाव्या मिनाराच्या खाली तिळाएवढा काळा डाग होता, तोही त्यानेच दाखवला. "गाडग्यात लागला," म्हणाला. "पर कोरा हाय. याच्यावानी कोरा मी बघितला न्हाई." एका नाण्याबद्दल एवढं बोललेला तो मला तेवढाच आठवतो.

मग प्लास्टिकच्या डब्या आल्या.

आणल्या सुनीलने. हा सराफा लाइनीतलाच, मोबाईलवर नाणी विकणारा. नाणी ओळखायला तो हबीबभाईकडेच शिकला आणि त्याला चाचा म्हणायचा. त्यानेच सांगितलं की मोठ्या शहरात एक कचेरी आहे. नाणं कुरिअरने पाठवायचं, फी भरायची. तिथली माणसं भिंगाखाली बघतात, सत्तरपैकी नंबर देतात आणि नाणं कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करून पाठवतात. डबी उघडता येत नाही. फोडली की नंबर गेला. गिऱ्हाईक आता डबी बघतं, तोंडचा शब्द बघत नाही.

हबीबभाईने ती डबी हातात घेऊन उलटी-सुलटी केली. "नाण्याला कबरीत घातलं, वर पाटी लावली," म्हणाला. "आवाज कुठून ऐकायचा?"

सुनील हसला. "चाचा, आवाज ऐकायला आता कोणी येत नाही. फोटो बघत्यात."

फडक्यावरची गर्दी कमी होत गेली. जे यायचे ते विचारायचे, डबीत आहे का? आणि मग एक दिवस डॉक्टरसाहेब आले. ते लहान लेकरांचे डॉक्टर, शौक नाण्यांचा, माणूस सरळ. बऱ्याच वर्षांपासून हबीबभाईकडून घेत होते. हबीबभाईने कोरा म्हणून दिलेला एक राजाछाप रुपया त्यांनी त्या कचेरीत पाठवला होता. नंबर अठ्ठावन्न आला. कोऱ्याला साठच्या वर लागतो.

डॉक्टर ओट्यासमोर उभे राहूनच बोलले. आपण फसलो, असं म्हणाले. फसवलं असं म्हणाले नाहीत, पण समोरच्या दोन-चार दुकानदारांनी तेच ऐकलं. हबीबभाईने डबी हातात घेतली, परत दिली.

"माझ्या हातात होता तवा कोरा होता."

"पण तिथं तीन-तीन माणसं तपासतात, चाचा."

"तिघं चुकले."

यावर कुणीतरी मागून हसलं. ते हसणं त्याला लागलं. माझ्या मते सगळा घोटाळा त्या हसण्याने केला. त्याने पेटी उघडली, तंबाखूची डबी काढली आणि हट्ट्याचा रुपया फडक्यावर ठेवला. हा पाठवा, म्हणाला. हा कोरा निघाला तर डॉक्टरसाहेबांनी इथे, या ओट्यासमोर माफी मागायची. नाही निघाला तर मी ओटा सोडतो.

मी खांबाला हात टेकून पुढे वाकले आणि म्हटलं, हबीबभाई, रुपया उचला. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

रुपया सुनीलच्या हातून गेला, सुनीलच्याच हातून डबीत बंद होऊन परत आला. पाटीवर सगळं इंग्रजीत. मला त्यातलं काही कळेना, हबीबभाईलाही नाही. सुनीलने वाचून दाखवलं. नंबर नाही. साफ केलेलं नाणं, नंबर देता येत नाही.

हबीबभाईच्या चार शब्दांत सांगायचं तर, गेला.

लाइनीत सगळे एकदम बोलायला लागले. हट्ट्याच्या घरात दिवाळीला चिंचेने घासलाच असणार, असं कुणी म्हणालं. म्हातारीनेच देताना धुतला असेल, असं कुणी. भिंतीतल्या गाडग्यातल्या रुपयाला दिवाळी कुठली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असेल तरी बोललं नाही. मी बोलले, पण हळदी-कुंकवाच्या बाईचं नाण्यातलं कोण ऐकतं. हबीबभाई एवढंच म्हणाला, "घासलेलं नाणं मी वळखत न्हाई व्हय?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही. त्याने जन्मभर दुसऱ्यांना जसं कारण दिलं नाही, तसंच ते झालं.

दुपारी त्याने फडकं घडी केलं. डबी सुनीलपुढे सरकवली. चांदीच्या भावाने घे, म्हणाला. सुनील नको-नको म्हणत राहिला आणि घेतली.

दुसऱ्या दिवसापासून खांबापलीकडे कुणी नव्हतं.

तो तळ्याकडच्या मोहल्ल्यात राहायचा. मी मधूनमधून जायचे. त्याची बायको शमीमभाभी मला चहा द्यायची आणि हळू आवाजात सांगायची की हे दिवसभर खाटेवर बसून असतात, दूधवाल्याने दिलेली सुटी नाणीही न बघता डब्यात टाकतात. माझ्यासमोर तो धंद्याचं काढायचा नाही. एकदाच काढलं. "आक्का, हात चुकला असंल का?" म्हणाला. मी म्हटलं, मला काय विचारता, मला चमकणारा रुपया चांगला वाटतो. त्याला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

उन्हाळा गेला. सोयाबीन पेरून झालं होतं तेव्हाची गोष्ट. डॉक्टरसाहेब माझ्या दुकानाशी आले आणि मोबाईल पुढे धरला. त्यात डबीतला चारमिनार रुपया होता. दारात बारीक अक्षर. डाव्या मिनाराखाली काळा तीळ. पाटीवर नंबर त्रेसष्ट. कोरा.

विकायला काढणारा सुनील.

डॉक्टरांनीच मला समजावलं. सुनीलने पहिली डबी फोडली, रुपया काढला आणि त्याच कचेरीत पुन्हा पाठवला. तिथे काय, माणसंच बसलेली. एका दिवशी एकाला घासलेला दिसला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला कोरा दिसला. असे पुष्कळ लोक करतात, म्हणाले, नंबर आवडला नाही की फोडायचं आणि परत पाठवायचं. मी विचारलं, मग ओटा सोडला त्या माणसाचं काय? डॉक्टरांनी मान खाली घातली. माफी मागायची म्हणाले. पण सुनील म्हणतो हा तो रुपया नाही, हा नांदेडला घेतला. तुम्ही तो रुपया बघितलेला आहे, चला माझ्याबरोबर.

आम्ही तिघे हबीबभाईच्या अंगणात गेलो. सुनीलला डॉक्टरांनी डबीसकट जवळजवळ ओढूनच आणला. हबीबभाई खाटेवरून उठला नाही. शमीमभाभी दाराच्या पडद्याशी उभी राहिली.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं आणि डबी त्याच्या हातात दिली. म्हणाले, "चाचा, फक्त हो म्हणा. हाच तुमचा रुपया म्हणा. मी उद्या ओट्यासमोर सगळ्यांच्या देखत तुमच्या पाया पडतो."

हबीबभाईने डबी तिरपी केली. उजेड प्लास्टिकवर चमकत होता. त्याने पुष्कळ वेळ घेतला. मग डबी मांडीवर ठेवली.

"बाहेर काढा."

सुनील चटकन पुढे आला. "चाचा, असं कसं? डबी फोडली की नंबर गेला. पुण्याचं गिऱ्हाईक ठरलंय."

"मग मला सांगता येत न्हाई."

"तीळ बघा ना चाचा," डॉक्टर म्हणाले. "तीळ दिसतो ना?"

"दिसतो."

"मग?"

"डाग दोन नाण्याला असू शकतो. हातात द्या. वाजवू द्या. मग सांगतो."

डॉक्टरांनी सुनीलकडे बघितलं. सुनीलने डबी उचलून खिशात घातली होती. डॉक्टर डबी फोडा म्हणाले असते तर? मला वाटतं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण त्यांनाही शौक होता. त्रेसष्ट नंबरची डबी फोडायची म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ते बोलले नाहीत.

मी बोलले. हबीबभाई, म्हटलं, मी या डोळ्यांनी तुमच्याच हातात हा तीळ बघितला आहे. हो म्हणा आणि मोकळे व्हा. सगळ्यांना ठाऊक आहे की हाच तो. सुनीललाही ठाऊक आहे, तो बघा कसा उभा आहे. एक शब्द बोलायचा आहे तुम्हाला.

तो माझ्यावर चिडला नाही. हे मला आणखी वाईट वाटलं. एखाद्या लेकराला सांगावं तसं त्याने मला सांगितलं, "आक्का, हात लावल्याबिगर मी एका बी नाण्याला नाव दिलं न्हाई. आज माझं काम हाय म्हणून देऊ?"

पडद्यामागे शमीमभाभीने कपाळाला हात लावलेला मला दिसला.

आम्ही बाहेर आलो. सुनील गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मोटारसायकलकडे इतक्या घाईने गेला की चप्पल निघता निघता राहिली. संध्याकाळपर्यंत सगळ्या लाइनीत झालं की म्हाताऱ्याला स्वतःचा रुपया ओळखता आला नाही. नजर गेली, म्हणाले. म्हणजे आधीही गेलेलीच असणार, म्हणाले. ज्या कुणी त्याच्याकडून नाणी घेतली होती, त्यांतल्या काहींनी ती घरी जाऊन परत तपासली म्हणे. रुपया पुण्याला गेला. आता तो कुणाच्या तरी कपाटात डबीत बंद आहे आणि त्यावर त्रेसष्ट लिहिलेलं आहे, आणि ते खरं आहे.

डॉक्टरसाहेब नंतरही दर नागपंचमीला माझ्याकडून बायकोसाठी सामान न्यायला यायचे. एकदा स्वतःहून म्हणाले, मी माफी मागायला तयार होतो, आक्का. मी म्हटलं, तयार होतात, मागितली न्हाई. त्यानंतर ते सामान न्यायला नोकराला पाठवतात.

मला राग नेमका कुणाचा आला ते मी पुष्कळदा चाचपून बघितलं. सुनीलचा आला, पण तो धंदेवाला, त्याने धंदा केला. त्या कचेरीतल्या माणसांची मी तोंडंही बघितली नाहीत. राग आला तो हबीबभाईचाच. सेनगावच्या त्या बाईला तो गोड बोलला नाही, गुरुजींना बोलला नाही, मला बोलला नाही. ठीक आहे. पण स्वतःसाठीही एक शब्द सैल करायचा नाही, म्हणजे माणसाने स्वतःच्या घरात स्वतःलाच उपाशी ठेवायचं. लोक आता म्हणतात, काय इमानदार माणूस. तेव्हा तो अंगणात एकटा बसला होता आणि इमानदारी शमीमभाभीच्या चुलीवर शिजत नव्हती.

पुढे हिंगोलीतलं घर विकून ती दोघं वारंगा फाट्याकडे लेकीच्या गावी गेली. मला सांगून गेली नाहीत. मीही विचारायला गेले नाही.

त्याला मी शेवटचा बघितला तो फाट्यावर. नांदेडहून येत होते, एसटी चहापाण्याला थांबली होती. गुडघे धरलेले, म्हणून मी उतरले नाही. खिडकीतून चहाची टपरी समोरच दिसत होती. हबीबभाई तिथे उभा होता, हातात कापडी पिशवी, दाढी पूर्ण पांढरी. चहा संपवून त्याने कप ठेवला आणि दहाचं नाणं पुढे केलं. हल्ली आपल्याकडे दहाचं नाणं खोटं आहे अशी आवई कुणीतरी उठवली आहे आणि टपरीवाले ते घेत नाहीत.

चहावाल्याने नाणं बोटाने परत सरकवलं. "हे चालत न्हाई चाचा. नकली हाय."

मी खिडकीची काच सरकवली. आता ऐका काय बोलतो, असं मला वाटलं. कंडक्टरने घंटी मारली.

"तुझं बराबर हाय," हबीबभाई म्हणाला. नाणं न वाजवताच खिशात टाकून त्याने नोट काढून दिली.